‘कैऱ्या’ लिहिलेलं दिसतं, पण शोधात सापडत नाही

यंदाही मे महिन्यात ती तक्रार आलीच. नाशिकच्या एक काकू आमच्या समूहाच्या ॲपवर बरीच वर्षं पाककृती लिहितात. त्यांचा फोन आला. “अरे, माझंच कैऱ्यांचं लोणचं मलाच सापडेना. तुमच्या त्या भिंगात कैऱ्या लिहिलं की ‘काही मिळालं नाही’ म्हणतं. काढून टाकलंत की काय?”

काढलं नव्हतं. त्यांच्या नावावर जाऊन बोटाने खाली खाली सरकवत गेलं की लोणचं जागेवर होतं, शीर्षकात ठळक ‘कैऱ्या’ होत्या. शोधाला तेवढ्या दिसत नव्हत्या.

हे ॲप आम्ही तिघेजण नोकऱ्या सांभाळून चालवतो. पाककृती, भटकंती, बागकाम, पुस्तकं, भांडणं असं सगळं त्यावर चालतं. आमच्या तक्रारवहीत “शोध लागत नाही” ही नोंद चार वेळा ‘सोडवली’ म्हणून बंद झाली आणि पाचव्यांदा उघडली. कैरीच्या हंगामात ती हमखास उघडते, कारण एरवी ‘कैऱ्या’ कोण शोधतंय? पाचव्या वेळी नीट बसून मुळापर्यंत गेलो. मराठी मजकुराचं कुठलंही ॲप करणाऱ्याला हे आज ना उद्या भेटणारच, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवतो.

आधी लांबी मोजा

शब्द डोळ्यांनी वाचून काही कळत नाही. संगणकाला तो किती तुकड्यांचा दिसतो ते मोजा. आम्ही ॲपमध्ये एक तपासखिडकी लपवली आहे. ‘आमच्याविषयी’ पानावरच्या आवृत्ती क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की ती उघडते. त्यात शब्द चिकटवला की त्याचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला दिलेले क्रमांक, एकाखाली एक दिसतात. काकूंना फोनवरच हे करायला सांगितलं. एकदा पाककृतीतून उचललेला शब्द, एकदा भिंगात स्वतः टाइप केलेला. दोन स्क्रीनशॉट आले आणि गुपित फुटलं.

टाइप केलेला शब्द सहा तुकड्यांचा होता: क, दोन मात्रा, ऱ, पाय मोडणारं चिन्ह, य, काना. पाककृतीतला सात तुकड्यांचा. त्यात ऱ नव्हताच. साधा र, पायमोड, मग एक अदृश्य अक्षर, मग य आणि काना. ते अदृश्य अक्षर म्हणजे यू+२००डी, शून्य रुंदीचा जोडक, ज्याला सगळे झेडडब्ल्यूजे म्हणतात. कैऱ्या आणि कैर्‍या. छापून भिंतीवर लावलेत तरी फरक सांगता येणार नाही.

तिसराही प्रकार आहे: र आणि त्याच्याखाली वेगळा नुक्ता (टिंब), यू+०९३० आणि यू+०९३सी. तोही सात तुकड्यांचा. म्हणजे वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड, पायऱ्या, शेतकऱ्यांना, जिथे जिथे हा अर्धा ऱ येतो तिथे एकाच शब्दाच्या तीन जोडण्या होतात. कोणता कीबोर्ड कोणती जोडणी सोडेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं, आणि असायचं कारणही नाही. इनस्क्रिप्टवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कीबोर्ड आपापल्या मनाचे. जुन्या फॉन्टांमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं तर झेडडब्ल्यूजे सढळ हाताने पेरतात.

इथे पहिला सल्ला मिळतो तो युनिकोडच्या प्रमाण रूपाचा, म्हणजे एनएफसी लावा. बरोबर आहे, लावाच. एनएफसी र आणि नुक्ता जोडून त्यांचा ऱ करतं, त्यामुळे तिसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. पण दुसऱ्याला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी झेडडब्ल्यूजे असलेली जोडणी वेगळी. आम्ही पहिल्यांदा तक्रार बंद केली ती एनएफसी लावूनच. तीनातला एक सुटला, आम्ही हात झटकले.

याच टप्प्यावर आणखी एक चकवा आहे. आमचा आयफोनवाला म्हणायचा, “माझ्याकडे सापडतंय की!” आणि ते खोटं नव्हतं. आयफोनच्या ॲपसाठीच्या स्विफ्ट भाषेत दोन मजकुरांची तुलना करताना युनिकोडने समान ठरवलेली रूपं समानच धरली जातात. अँड्रॉइडसाठीच्या कॉटलिनमध्ये तुकड्याला तुकडा जुळावा लागतो. त्यामुळे पडद्यावर आधीच आलेल्या यादीत गाळणी लावली की नुक्त्याचा प्रकार आयफोनवर सापडे, अँड्रॉइडवर नाही. फोनमधल्या डेटाबेसात शोधलं की दोन्हीकडे नाही, कारण तिथे बाइटला बाइट लागतो. एकाच्या फोनवर चालतं आणि दुसऱ्याच्या नाही असं दिसलं, तर आधी याच गोष्टीवर संशय घ्या. आम्ही महिनाभर नेटवर्कला शिव्या दिल्या.

‘ॲप’ हा शब्दच ॲपमध्ये सापडत नव्हता

हसू नका. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत, यू+०९७२ वर. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात ॲ आणि ऑ स्वरांमध्ये धरले आहेत. पण लोक त्याआधीही बॅट, कॅरम, ॲम्ब्युलन्स लिहीतच होते. कोणी अ वर अर्धचंद्र द्यायचे (अॅ). काही ठिकाणी तो नीट न बसता टिंबांच्या वर्तुळावर तरंगायचा, म्हणून कोणी मध्ये झेडडब्ल्यूजे घालायचे (अ‍ॅ). आणि कोणी हिंदीकडून ऍ उचलायचे, यू+०९०डी. ही चारही रूपं आमच्याकडे आजही रोज येतात. एनएफसीचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण युनिकोडने ही रूपं समान ठरवलेलीच नाहीत. ऑ ची तीच गत: आ वर अर्धचंद्र, किंवा अ ला ॉ. ही जुळवाजुळव आपल्यालाच हाताने लिहावी लागते. चार-पाच ओळींचं काम, पण ते कुणी आयतं करून देत नाही.

माझ्या हातून झालेला घोळ

दुसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा मी शहाणपणा केला. अदृश्य अक्षरांमुळे त्रास होतोय ना, मग येणाऱ्या प्रत्येक लेखातून ती काढूनच टाकू. सर्व्हरवर एक ओळ घातली: झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जुळू न देणारं तसंच अदृश्य अक्षर) दिसला की पुसायचा. जोशात जुन्या लेखांवरही फिरवली.

पहिली ओरड इमोजीवरून झाली. आई, बाबा आणि मुलगी असं एकत्र कुटुंबाचं चित्र असतं, ते आतून तीन माणसं झेडडब्ल्यूजेने बांधून केलेलं असतं. बांधणारं गेल्यावर तिघे वेगवेगळे उभे राहिले. एका सदस्याने विचारलंही, “तुमच्या ॲपने आमचा घटस्फोट केला का?”

खरं नुकसान उशिरा कळलं. र, पायमोड, झेडडब्ल्यूजे, य यांतला झेडडब्ल्यूजे काढला की उरतं र्य, म्हणजे य वर रफार. कैर्‍याचं झालं कैर्या. हे वाईट दिसतं, पण निदान कळतं तरी. हरिश्चंद्रगडावरच्या एका सुंदर लेखात ‘कड्याखालच्या दऱ्या’ होत्या, त्यांचं झालं ‘कड्याखालच्या दर्या’. गडाच्या पायथ्याशी समुद्र आला. आणि लग्नाच्या जेवणावळीवरच्या चर्चेत ‘आचाऱ्यांना विचारा’चं झालं ‘आचार्यांना विचारा’. स्वयंपाक्याचा गुरुवर्य झाला.

हे उलटं फिरवता येत नाही. कैर्या, पायर्या, शेतकर्यांना असे शब्द मराठीत नाहीतच, त्यामुळे ते यादी करून डोळे मिटून दुरुस्त करता आले. पण दर्या हा खराच शब्द आहे, आचार्यही आहे. ते सगळे लेख जुन्या बॅकअपशी ताडून, उरलेले एकेक वाचून सुधारले. दोन शनिवार-रविवार गेले. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. माणसाने लिहिलेल्या मजकुराला हात लावायचा नाही. जी काय धुलाई करायची ती शोधासाठी वेगळ्या ठेवलेल्या प्रतीवर. त्या प्रतीला आम्ही शोधरूप म्हणतो. ते कुणाला कधी दिसत नाही.

काकू शोधली, केक मिळाला

तिसऱ्या वेळची तक्रार उलटी होती. सापडत नाही असं नाही, भलतंच सापडतंय. नेट नसतानाही वाचता यावं म्हणून ॲप लेख फोनमध्ये साठवतं आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस५ या शोधसोयीने शोधतं. अँड्रॉइड आणि आयफोनवर एकसारखं वागावं म्हणून एसक्यूलाइट आम्ही ॲपसोबतच बांधून देतो. त्यात ‘काकू’ शोधलं की ‘केक’ यायचा. ‘पोळी’ शोधली की श्रावण अमावास्येच्या पोळ्याचे बैल यायचे, शिंगं रंगवून, झुली घालून, फोटोसकट.

कारण कळल्यावर मी कपाळावर हात मारला. मजकुराचे शब्द पाडण्याचं काम करणारा जो तोडक मुळात लावलेला असतो, त्याचं नाव युनिकोड६१. युनिकोडच्या ६.१ आवृत्तीवरून पडलेलं. तो अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, बाकी सगळं म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. आता आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पायमोड यांना युनिकोड ‘अक्षर’ म्हणत नाही, ‘चिन्ह’ म्हणतं. झालं! ‘काकू’चे तुकडे पडले क आणि क. ‘केक’चेही क आणि क. ‘पोळी’ म्हणजे प, ळ. ‘पोळा’ म्हणजेही प, ळ. सगळी बाराखडी पुसून शोध चालला होता. तरी इतकी वर्षं बऱ्यापैकी चालला, हेच नवल. मोठ्या शब्दात व्यंजनांची माळ सहसा वेगळी असते, म्हणून निभावलं.

उपाय सोपा आहे. एफटीएस५ ची सारणी बनवताना तोडकाला ‘कॅटेगरीज’ ही सूचना देता येते. त्यात मुळातल्या तीन जातींच्या जोडीला एमएन आणि एमसी या चिन्हांच्या जाती लिहायच्या. सारणी पुन्हा बांधायची. काकू आणि केक वेगळे झाले, बैल गोठ्यात गेले.

हाच रोग टॅगमध्येही होता. #लोणचं लिहिलं की टॅग बनायचा #ल, कारण आमच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना ओळखणाऱ्या सूत्रात, ‘अक्षर’ एवढंच मागितलं होतं, चिन्ह नाही. पहिली ओकाराची मात्रा आली की टॅग संपला. कोणत्याही रेगेक्समध्ये अक्षराची जात लिहिलीत की शेजारी चिन्हाची जात लिहायची सवय लावून घ्या.

पण चिन्हांच्या जाती घालूनही झेडडब्ल्यूजे सुटत नाही. तो तिसऱ्याच जातीचा, स्वरूपक (फॉरमॅट) म्हणून मोजला जाणारा. त्यामुळे काकूंच्या पाककृतीतले ‘कैर्‍या’ अजूनही दोन शब्दांत तुटत होते: ‘कैर्’ आणि ‘या’. चौथ्यांदा तक्रार येण्याचं कारण हे.

सर्व्हरच्या बाजूला अनेकांनी सुचवलं की ल्यूसीन या तयार शोधप्रणालीमध्ये हिंदीचा तयार विश्लेषक आहे, तो लावा, लिपी एकच आहे. लावून पाहिला. तो झेडडब्ल्यूजे काढतो, नुक्ता काढतो, ह्रस्व-दीर्घ एक करतो, हे सगळं कामाचं. पण तो पायमोडही काढतो आणि वर शब्दाच्या शेवटचा काना, मात्रा, वेलांटी छाटतो, कारण हिंदीच्या रूपांना ते चालतं. मराठीत पोळी, पोळा, पोळे सगळ्यांचं ‘पोळ’ होतं. बैल परत! आणि आपल्या ‘पोळीला’, ‘पोळीत’, ‘पोळीवरचं’ या रूपांची त्याला गंधवार्ता नाही. काढून टाकला.

शोधरूप बनवण्याचा क्रम

आता जे चालतं ते असं. लेख साठवताना त्याचं शोधरूप बनवायचं, आणि भिंगात लिहिलेल्या शब्दाचंही त्याच पद्धतीने बनवायचं. मग दोघांची गाठ घालायची.

आधी एनएफसी. मग र, पायमोड, झेडडब्ल्यूजे असा तिघांचा गट दिसला की त्याचा ऱ आणि पायमोड करायचा. मग ॲ आणि ऑ ची सगळी सोंगं एका रूपात आणायची. आणि *त्यानंतर* उरलेले झेडडब्ल्यूजे, झेडडब्ल्यूएनजे पुसायचे. क्रम चुकला की माझ्यासारखी गत होते, फक्त शोधरूपापुरती. पुसणं आधी झालं तर ऱ कायमचा गेला. शेवटी देवनागरी आणि इंग्रजी आकडे एक करायचे, कारण ‘२०१९ चा पूर’ लिहिणारा एक आकडे वापरतो आणि शोधणारा दुसरे.

विसर्गाची एक वेगळीच कथा. फोनवर विसर्ग शोधायला दोन पानं उलटावी लागतात, म्हणून निम्मी मंडळी त्याजागी सरळ अपूर्णविराम देतात: दु:ख, स्वत:, नि:शब्द. दिसायला झकास. तोडकाला मात्र ते विरामचिन्ह, म्हणून ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन शब्द. मी म्हटलं, शोधरूपातून विसर्गच काढून टाकू आणि दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये अडकलेला अपूर्णविरामही. म्हणजे दुःख, दु:ख आणि नुसतं दुख, तिन्ही एकाच जागी. शेवटी येणारा, जसा ‘स्वत:’ मधला, आपोआप गळतो. छान वाटलं, दोन दिवस टिकलं. मग कळलं की पाककृती लिहिणारे ‘साहित्य:कैऱ्या’ असं मध्ये जागा न सोडता लिहितात, आणि त्याचा झाला ‘साहित्यकैऱ्या’ हा एक नवाच समास. म्हणजे काकूंचं लोणचं पुन्हा बेपत्ता! आता अशा ठिकाणी आम्ही जोडलेला आणि तोडलेला असे दोन्ही शब्द सूचीत घालतो. सूची थोडी फुगते, फुगू दे.

हे झालं घट्ट रूप. त्याच्या शेजारी एक सैल रूपही ठेवतो, आणि त्यावरून आमच्यात बराच वाद झाला.

सैल रूपात ह्रस्व-दीर्घ एक होतात, ऱ चा र होतो, चंद्रबिंदूचा अनुस्वार होतो, अन्त आणि अंत एक होतात. आमच्यातल्या शुद्धलेखनप्रेमी मित्राचं म्हणणं, हे चुकीचं लिहिणाऱ्यांचे लाड आहेत. शिर आणि शीर एक कसे? दिन आणि दीन? सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, तेही एक?

त्याला मी म्हटलं, लाडांचा प्रश्नच नाही, हे तुझ्याच व्याकरणाने करायला लावलंय. दूध, पण दुधात. फूल, पण फुलाला. विहीर, पण विहिरीत. उपान्त्य दीर्घ अक्षर सामान्यरूपात ह्रस्व होतं हा नियमच आहे. मग ‘दूध’ शोधणाऱ्याला ‘दुधाची आमटी’ हवी असेल तर ऊकार सैल करण्यावाचून गत नाही. ऱ चंही तेच. कैरी, पण कैऱ्या. पायरी, पण पायऱ्या. सातारा, पण साताऱ्याला. एकाच शब्दाचा र रूप बदलताना ऱ होतो. म्हणून सैल रूपात दोघांना एक करावंच लागतं. तो गप्प बसला. मान्य केलं नाही, पण गप्प बसला.

आणखी एक खास आपली गोष्ट. बोलताना ‘लोणचं’, लिहिताना कुणी ‘लोणचे’. केलं, केले. मुलं, मुले. करणं, करणे. शब्द अनुस्वारावर संपत असेल आणि त्याआधीच्या व्यंजनाला दुसरं चिन्ह नसेल, तर सैल रूपात त्याची मात्रा करतो. या एका ओळीने जेवढ्या तक्रारी कमी झाल्या तेवढ्या बाकी सगळ्यांनी मिळून झाल्या नसतील.

त्याखाली तिसरा थर. शोधलेल्या शब्दाचं शेवटचं स्वरचिन्ह काढून उरलेल्यापासून सुरू होणारे शब्द बघायचे, म्हणजे ‘लोणच’पासून लोणच्याला, लोणच्याचा, लोणची हे सगळे. विभक्तीचे प्रत्यय तोडण्याचा खटाटोप आम्ही सोडून दिला. ला, ना, चा, त हे शेवट तोडायला गेलं की ‘मसाला’ आणि ‘खिचडीत’ यांत कुठे थांबायचं ते यंत्राला कळत नाही. मुळावरून शोधणं ढोबळ आहे, पण मराठीत प्रत्यय शेवटी लागतात, त्यामुळे ते चालून जातं. तीन अक्षरांहून लहान शब्दाला मात्र हा थर सहसा लावत नाही, घट्ट आणि सैलमध्ये काहीच मिळालं नाही तरच.

निकाल दाखवताना घट्ट जुळणी वर, मग सैल, मग मुळावरची. शिर शोधणाऱ्याला आधी शिरच मिळतं, शीर नंतर.

पिवळ्या पट्टीचं एक सांगून ठेवतो. सापडलेला शब्द रंगवताना शोधरूपातली जागा मूळ मजकुरात तशीच वापरलीत तर पट्टी एक-दोन अक्षरं सरकते, कारण दोघांची लांबी वेगळी. वेलांटी पिवळी आणि तिचं अक्षर पांढरं असं काहीतरी विद्रूप दिसतं. शोधरूप बनवतानाच प्रत्येक तुकडा मुळात कितव्या जागेवरून आला ते टिपून ठेवा, आणि रंगवताना पूर्ण अक्षरापर्यंत पट्टी ताणा. त्रोटक मजकूर कापतानाही तेच, नाहीतर ओळीच्या सुरुवातीला टिंबांचं वर्तुळ घेऊन एक पोरका काना उभा राहतो.

मग हे परत परत का येत होतं?

कारण आम्ही दर वेळी एकाच दारावर कुलूप लावत होतो. लेख आमच्याकडे चार दारांनी येतात: अँड्रॉइड, आयफोन, संगणकावरून, आणि जुन्या संग्रहातून एकगठ्ठा आणलेले. न्यू जर्सीचा एक दादा फक्त मॅकवरून लिहितो. त्याचं लेखन फोनच्या दुरुस्तीतून कधी गेलंच नव्हतं. काकूंचं लोणचं जुन्या संग्रहातलं होतं. शोधरूप बनवणारं काम तीन भाषांत तीन जणांनी लिहिलेलं, आणि प्रत्येकाचं थोडं वेगळं. एकाने ऍ विसरलेला, दुसऱ्याने क्रम उलटा केलेला.

आता एक साधी मजकूर फाइल आहे. प्रत्येक ओळीत डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचं अपेक्षित घट्ट आणि सैल रूप. सुरुवात ‘कैऱ्या’च्या तीन जोडण्यांनी, पुढे ॲप, दु:ख, दर्या, दऱ्या, लोणचं, कुटुंबाची इमोजी. सध्या दोनशेच्या आसपास ओळी आहेत. तिन्ही ठिकाणचा कोड ही फाइल उत्तीर्ण झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. नवी तक्रार आली की आधी फाइलमध्ये ओळ, मग दुरुस्ती. शब्द तपासखिडकीतून क्रमांकांसकट घ्यायचा, हाताने टाइप करायचा नाही. तुमचा कीबोर्ड नेमका तोच सुधारून देईल आणि परीक्षा खोटीच पास होईल.

दुसरं कारण याहून साधं. शोधरूपाची पद्धत बदलली तरी फोनमध्ये आधी साठवलेली सूची जुन्याच पद्धतीची राहते. नवे लेख सापडतात, जुने नाहीत, आणि लोणच्याचे लेख तर जुनेच असतात. “नवीन सापडतंय, जुनं नाही” असं कुणी म्हणालं की दुसरीकडे बघूच नका. सूचीला स्वतःचा आवृत्ती क्रमांक द्या. ॲप उघडल्यावर तो जुळला नाही तर सूची नव्याने बांधा. आम्ही फोन चार्जिंगला लावलेला असताना पाचशे-पाचशे लेख उरकतो, तोवर शोध सर्व्हरकडे वळवतो. हा क्रमांक वाढवायला मी एकदा विसरलो. तो दिवस मित्र अजून काढतात.

ही आवृत्ती जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली. काकूंचा फोन आला, लोणचं मिळालं म्हणाल्या, पण कैऱ्या आता बाजारातून गेल्या. मग जरा थांबून, “आणि अरे, पुरणाच्या पोळीसाठी ‘पोळी’ शोधलं तर अगदी खाली बैल येतात, ते कसे काय?”

‘पोळी’ दोन अक्षरी, घट्टमध्ये भरपूर सापडते, मग मुळावरचा थर लागायलाच नको होता. फाइलमध्ये ओळ घातली आहे. बघतो.